सूर कोणी कोणाला जुळवायचा?

मामा-भाचीचा वाद सुरू झाला तो केशव साठे या नावावरून.

वसईतल्या गिरीजला हिरा डोंगरीच्या बाजूच्या एका वाडीत राहणारे हे मामा आयुष्यभर ट्रंपेट वाजवत आले. आधी लग्नांचे बॅण्ड आणि चर्चचे सण, नंतर काही वर्षं मुंबईतली हॉटेलं आणि प्रवासी जहाजं. उपवासकाळात ख्रिस्ती लग्नं होत नाहीत. बॅण्डचे कोट-टोप्या कपाटात जातात आणि मामांच्या घरी जहाजावरच्या दिवसांत जमवलेल्या रेकॉर्डी बाहेर निघतात. त्या संध्याकाळी निघाली होती जॉन रेनबर्न ग्रुपची ‘अ मेड इन बेडलम’, १९७७ सालची. त्यांची भाची दर आठवड्याला दादरला ख्याल शिकायला जाते आणि घरी आली की आधी तंबोरा लावते. तिने रेकॉर्डचं पाकीट उलटं केलं, नावं वाचली आणि विचारलं, “इंग्रजी लोकगीतांच्या रेकॉर्डवर हे साठे कोण?”

केशव साठे मुंबईचे, जन्म १९२८चा. १९५६मध्ये ते लंडनला गेले आणि तबल्यासह तिथेच रमले. कोलकात्यात जन्मलेला संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाहून आलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी १९६६मध्ये ‘इंडो-जॅझ सूट’ आणलं, तेव्हा सतारीवर दिवाण मोतीहार होते आणि तबल्यावर साठे. पुढच्याच वर्षी मोतीहार आणि साठे ‘जॅझ मीट्स इंडिया’साठी जर्मनीत होते. तिथे पियानोवर स्वित्झर्लंडची इरेन श्वायत्झर, ट्रंपेटवर जर्मनीचा मॅनफ्रेड शूफ आणि सॅक्सोफोनवर फ्रान्सचा बार्नी विलेन. दहा वर्षांनी रेनबर्नकडे साठे पोचले ते इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांना आणि मध्ययुगीन नृत्यांच्या चालींना ठेका द्यायला. त्या ताफ्यात जॅकी मॅकशीचा आवाज होता, टोनी रॉबर्ट्सची बासरी होती आणि अमेरिकेहून आलेल्या स्यू ड्रेहाइमचं फिडल होतं. लोकसंगीत, अभिजात संगीत आणि जॅझ एकत्र आणणारे बहुदेशी बॅण्ड आज जागोजागी दिसतात. हे काम साठे साठ वर्षांपूर्वी करत होते. आपल्याकडे संगीतावर एवढं लिहिलं जातं, त्यात या माणसाचं नाव इतकं क्वचित यावं, हे बरोबर नाही.

“नाव वाचून छाती फुगते, मामा,” भाची म्हणाली. “पण नीट ऐक. तबला इथे काय करतोय? ठेका धरलाय, बस. पेशकार नाही, कायदा नाही. गाणं त्यांचं, आपल्या माणसाला कोपऱ्यात बसवलंय. इंडो-जॅझमध्येही तेच. रागाचे सूर घेतले, राग घेतला नाही.”

“बाय, ठेका धरणं हे काम नाही?” मामा म्हणाले. “बॅण्डमध्ये साइड ड्रमवाला चुकला की चाळीस माणसांची वरात चुकते. साठेंनी गाण्याला जेवढं लागत होतं तेवढंच वाजवलं. ती अक्कल आहे.”

साठेंबद्दल मामांचं म्हणणं पटतं. रेनबर्नच्या रेकॉर्डवर तबला गाण्याच्या अंगाखाली राहतो आणि गाणं त्यामुळे चालतं राहतं. ‘इंडो-जॅझ सूट’बद्दल मात्र भाचीची तक्रार खरी आहे. मेयरने बरंचसं लिहून दिलेलं होतं. वादक आळीपाळीने पुढे येतात आणि आपला भाग वाजवून मागे जातात. दोन्ही बाजू सभ्यपणे वागतात, पण एकमेकांच्या वाक्याला उत्तर फारसं देत नाहीत. पहिला प्रयत्न म्हणून त्याची थोरवी आहेच. संगीत म्हणून मात्र ते अवघडलेलंच राहिलं.

उत्तर देणारं संगीत आलं ते १९७५मध्ये. त्या वर्षी ५ जुलैला न्यूयॉर्क राज्यातल्या साउथहॅम्प्टन कॉलेजात एक मैफल झाली आणि तिचंच ध्वनिमुद्रण ‘शक्ती’चा पहिला अल्बम म्हणून निघालं. गिटारवर यॉर्कशरचा जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम, मृदंगमवर आर. राघवन आणि तबल्यावर माहीमचा, तेव्हा चोविशीतला झाकीर हुसेन. मॅक्लॉफ्लिन तोवर माइल्स डेव्हिसबरोबर वाजवून आला होता आणि महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या विजेरी गिटारीने त्याला जगभर नाव मिळालं होतं. ते सगळं बाजूला ठेवून तो साध्या गिटारीसह मांडी घालून बसला.

“साधी गिटार नव्हती ती,” मामा म्हणाले, आणि हातातला चहा बाजूला ठेवून त्यांनी बोटांनी हवेत गिटारीची मान आखली.

ती गिटार खरंच बघण्यासारखी आहे. एब्राहम वेक्टर या कारागिराने ती मॅक्लॉफ्लिनसाठी घडवली. नेहमीच्या गिटारीत पडद्यांमधली लाकडी पट्टी सपाट असते. बोट लाकडावर टेकतं, त्यामुळे तार ओढायला फारशी जागा उरत नाही. या गिटारीत प्रत्येक दोन पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरून काढलं होतं. तार खाली दाबता येते, बाजूला खेचता येते, सूर सावकाश वर नेता येतो. थोडक्यात, मींड घेता येते आणि गमकही. शिवाय पोटावरच्या भोकावरून तिरप्या सात तारा बसवल्या होत्या, सतारीच्या तरफांसारख्या. त्याआधी मॅक्लॉफ्लिन वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला होता. वीणेवर जे ऐकलं ते गिटारीतून निघेना, तेव्हा त्याने रागाला सूट मागितली नाही, गिटार बदलली.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे मान्य. शक्तीला मी फ्यूजन म्हणतच नाही. ते पाच जण आपापल्या घरात पक्के होते आणि दुसऱ्याच्या घरी चपला बाहेर काढून गेले. पण असे किती? आमच्या कॉलेजच्या महोत्सवात दर वर्षी चार बॅण्ड येतात. कीबोर्डवर चार कॉर्ड, मागे ड्रमसेट, वरून एक अभंग. म्हणे फ्यूजन. अभंगाचा ठेका यांना कळत नाही नि जॅझही यांना कळत नाही.”

“शिकतील. सुरुवात कुठून तरी होते.”

“स्टेजवर नाही होत सुरुवात, मामा. घरी होते.”

या एका वाक्यापुरता पूर्ण कौल भाचीला द्यायला हवा. शक्तीचा पुढचा इतिहासही तेच सांगतो. तीन अल्बमनंतर १९७८च्या सुमारास तो ताफा थांबला. १९९७पासून ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा आधी हरिप्रसाद चौरसिया आले, मग मँडोलिनवर यू. श्रीनिवास, विनायकरामांचा मुलगा सेल्वगणेश आणि गाण्याला शंकर महादेवन. चेंबूरच्या तमिळ घरात वाढलेले महादेवन श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकले आणि २०१५च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये त्यांनी पंडितजींची भूमिका केली. कर्नाटक पद्धतीचा पाया, खळे यांचं भावसंगीत आणि चित्रपटाचं तंत्र एवढं सगळं घेऊन आलेला गायक मॅक्लॉफ्लिनशेजारी बसला की त्याला सांभाळून घ्यावं लागत नाही. ‘धिस मोमेंट’ या अल्बमला ४ फेब्रुवारी २०२४ रोजी ग्रॅमी मिळालं. त्याच रात्री झाकीरभाईंना आणखी दोन मिळाली. त्यातलं एक होतं ‘अ‍ॅज वी स्पीक’साठी, ज्यात अमेरिकन लोकसंगीतातल्या बॅन्जोवर बेला फ्लेक, पाश्चात्त्य अभिजात परंपरेतल्या डबल बेसवर एडगर मेयर आणि बासरीवर राकेश चौरसिया होते. डिसेंबरात, १५ तारखेला, झाकीरभाई गेले. पहिल्या मैफलीपासून त्या ग्रॅमीपर्यंत जवळपास एकोणपन्नास वर्षं होतात.

मामांना मात्र शक्तीवर थांबायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की मिसळ ही उस्तादांचीच मक्तेदारी नाही. ती वसईच्या मातीत आहे. १५३४ ते १७३९ इथे पोर्तुगीज होते. सुरावट कागदावरून वाचायची सवय चर्चमधून आली. पितळी वाद्यं आली इंग्रजी पलटणींच्या बॅण्डांकडून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत होऊ लागली, तशी पेटी आणि तबलाही वेदीजवळ आले. त्याच्या कितीतरी आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसाने बायबलातली कथा मराठी ओवीत बांधली होती, लोकांनी म्हणावी म्हणून. “आणि हळदीला काय वाजतं?” मामांनी विचारलं. “बेंजो! तो कुठला, सांग.”

तो मूळचा जपानचा. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळा बसवून तैशोगोतो नावाचं तंतुवाद्य तयार केलं. ते आपल्याकडे आलं, बुलबुल तरंग झालं, त्याला विजेचा पिकअप लागला, आणि आज आगरी-कोळी हळदीपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत बेंजो पार्टीशिवाय पान हलत नाही. कोळीगीतांच्या हरकती त्याच्या कळांवर इतक्या चपखल बसल्या आहेत, की वाजवणाऱ्याला जपान सांगितलं तर तो हसेल.

“तेच म्हणते मी,” भाची म्हणाली. “बेंजो कोळीगीताकडे आला. कोळीगीत बेंजोसाठी बदललं नाही.”

इथे मामांनी वाद तोंडाने सोडून हातात घेतला. ट्रंपेट काढला, तोंडपट्टी बसवली आणि भाचीला तंबोरा लावायला सांगितला. ट्रंपेट बी-फ्लॅटचा, म्हणजे काळी पाच. भाचीची पट्टीही काळी पाच. मामांनी तिन्ही पिस्टन मोकळे ठेवले, एकही दाबला नाही, आणि फक्त ओठांच्या ताणावर सूर काढत गेले: सा, प, वरचा सा, मग ग. त्या गंधारावर ते थांबले. भाचीने डोळे मिटले. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा जो स्वयंभू गंधार असतो, तो आणि ट्रंपेटचा गंधार एकमेकांत असे मिसळले, की कुठला कुठला ते सांगता येईना. मग मामांनी शेजारच्या कीबोर्डवर तोच गंधार दाबला. तो चढा वाजला. थोडासाच, पण चढा.

यात चमत्कार काही नाही. मोकळ्या पितळी नळीतून निघणारे सूर आणि ताणलेल्या तारेतून निघणारे सूर एकाच नैसर्गिक पायऱ्यांवर उभे असतात. दोन्हीकडे तो गंधार मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा. पियानोची आणि कीबोर्डची पट्टी मात्र बारा सारख्या तुकड्यांत कापलेली, त्यामुळे तिचा गंधार या गंधारापेक्षा वर बसतो. पेटीचंही तेच दुखणं. सूर ठरलेले, मींड नाही, श्रुतींना वाव नाही, अशा आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० ते १९७१ एवढा काळ पेटीला दूर ठेवलं होतं. नंतर मामांनी एक पिस्टन अर्धाच दाबला आणि गंधारावरून पंचमापर्यंत सूर घासत नेला. मींड थोडी खरखरीत होती, पण मींड होती.

“हे कोणी शिकवलं?” भाचीने विचारलं.

“शिकवतंय कोण! लतादीदींची गाणी वाजवायची होती, लग्नात. सरळ सुरात वाजवली की बायका नाकं मुरडायच्या.”

ही गोष्ट लहान नाही. गावोगावच्या बॅण्डवाल्यांनी विद्यापीठात न जाता, ग्रॅमी न मागता, वेक्टरच्या गिटारीसारखीच कसरत ओठांनी आणि अर्ध्या पिस्टनने केली आहे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे याच जगातून वर आलेले. प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा केला आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्यात एकल गायक म्हणून उभं केलं. राग आणि सिंफनी यांची ती गाठ त्यांना पुढे नेता आली नाही, आणि लोकांना ते ठाऊक झाले ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे. प्यारेलालनी गुरूचं नाव त्या गाण्यात अजरामर केलं. गुरूचं संगीत मात्र फार थोड्यांनी ऐकलं.

भाचीच्या पोतडीतलं सगळ्यात जड उदाहरण अजून बाहेर यायचं होतं.

१९७०च्या आसपास ह्यूगो झेम्प या अभ्यासकाने सॉलोमन बेटांतल्या मलाइता बेटावर अफुनाक्वा नावाच्या बाईकडून एक अंगाईगीत ध्वनिमुद्रित केलं. युनेस्कोच्या मालिकेत ते निघालं. १९९२मध्ये ‘डीप फॉरेस्ट’ या फ्रेंच जोडीने तो आवाज उचलला, खाली नाचाचा ठेका घातला, आणि ‘स्वीट ललबाय’ जगभर गाजलं. जाहिरातींत वाजलं. चार वर्षांनी नॉर्वेचा जॅझ सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक याने तीच चाल आपल्या अल्बमवर वाजवली आणि तिचं नाव ठेवलं ‘पिग्मी ललबाय’. पॅसिफिक महासागरातल्या बाईची अंगाई मध्य आफ्रिकेतल्या पिग्मींच्या नावावर गेली. स्टीव्हन फेल्ड या संगीत-अभ्यासकाने २०००मध्ये हे प्रकरण सविस्तर मांडलं.

“गार्बारेक काही लुच्चा माणूस नव्हे,” भाची म्हणाली. “वाजवतो सुंदर. पण गाणं कोणाचं हे विचारायची गरज त्याला वाटली नाही. आणि मामा, हे आपल्या दारात होतं. तारप्याचं बघ.”

गिरीज ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या डोंगरी भागात, जव्हार-विक्रमगड-डहाणूकडे, तारपा वाजतो. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, जोडाला मेण, तोंडाला ताडाच्या पानांचा कर्णा. भाताची कापणी होते त्या दिवसांत वारली पाड्यांवर तारपावाला मध्ये उभा राहतो आणि नाचणारे कमरेभोवती हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात, त्याच्याकडे पाठ न करता. नाकाने श्वास आत घेताना गालात साठवलेली हवा बाहेर सोडत राहायची, म्हणजे सूर तुटत नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी आयुष्य या वाद्याला दिलं. वयाच्या नव्वदीत, २०२६मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आता हा तारपा स्टुडिओत आणा. प्रत्येक भोपळा वेगळा, म्हणून प्रत्येक तारप्याचा सूर वेगळा. तो काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये कुठेतरी असेल. तारपा जुळवायला खुंटी नाही. मग काय होतं ते मामांना चांगलं माहीत आहे, कारण तसलं काम त्यांनी जवळून पाहिलं आहे. तारपावाल्याला दोन मिनिटं वाजवायला लावतात, त्यातला चार मात्रांचा तुकडा कापतात, संगणकावर ओढून कीबोर्डच्या पट्टीत बसवतात आणि तोच तुकडा गाण्यात फिरवत राहतात. माणूस संध्याकाळच्या गाडीने परत जातो. गाण्याखाली लिहिलेलं असतं: ट्रायबल फ्लूट.

मामांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. “वाईट वाटतं, बाय. पण म्हणून मिसळूच नये?”

“मिसळा. पण त्याच्या सुरात या ना तुम्ही. गिटारच्या खुंट्या आहेत, व्हायोलिनच्या आहेत. ट्रंपेटची नळी सरकते. कीबोर्डलासुद्धा सूर बारीक वरखाली करायची सोय असते. एकट्या तारप्यालाच जुळवता येत नाही, आणि नेमकं त्यालाच कापतात.”

यावर मामांनी वाद घातला नाही, आणि घालण्यासारखं काही नव्हतंही. एका मुद्द्यावर मात्र ते अडून राहिले आणि तो सोडून देण्यासारखा नाही. भाची म्हणते तशी पुरी तयारी झाल्यावरच एकमेकांकडे जायचं ठरवलं, तर वारली पाड्यावरचा पोरगा आणि गिरीजचा ट्रंपेटवाला कधीच एकत्र बसणार नाहीत. दोघांनाही कुठलं विद्यापीठ बोलवायला येणार नाही. त्यांना आधी एकत्र बसावं लागेल आणि तयारी बसल्या बसल्या होईल. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांनी ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ओळख झाल्यावर तासाभरात वाजवायला घेतलं होतं आणि त्याला ग्रॅमी मिळालं, याची मामांनी आठवण दिली. “त्या तासामागे दोघांची तीस-तीस वर्षं होती,” भाची म्हणाली. तेही खरंच. पण तीस वर्षं पाड्यावरच्या तारपावाल्याकडेही असतात. ती मोजली जात नाहीत एवढंच.

वसई-विरारमध्ये हिवाळ्यात महोत्सव भरतात आणि बॅण्ड बोलावले जातात. ते भरवणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्या तरुणांना एक सरळ विनंती आहे. तारपावाल्याला बोलवा, पण दोन मिनिटांसाठी नाही. तालमींना बोलवा. पहिल्या तालमीत त्याचा तारपा आधी वाजू द्या, त्याचा सा कुठे आहे ते ऐका आणि मग आपल्या गिटारी, व्हायोलिनी, ट्रंपेट त्याला जुळवा. पत्रिकेवर त्याचं नाव गावासकट छापा आणि मानधन कीबोर्डवाल्याइतकंच द्या. ध्वनिमुद्रण करणार असाल तर लेखी करार करा. लोकधून कोणा एकाच्या मालकीची नसली, तरी ती वाजवणाऱ्याचा त्याच्या वादनावर हक्क असतो. कॉपीराइट कायद्याचं कलम ३८ तो देतं, आणि २०१२च्या दुरुस्तीने आलेलं ३८-अ व्यापारी वापरावर रॉयल्टी मागण्याचा अधिकारही देतं. ही कलमं तारपावाल्याला त्याच्या भाषेत समजावून सांगा, आणि सही त्यानंतर घ्या.